सेलला विचारणारी तार

चाळिसाव्या मिनिटाला खटका पडला नि दिवा विझला. वदादने वहीत आणखी एक फुली मारली.

सैदा शहराच्या बंदरामागच्या त्या स्वयंपाकघरात जुन्या लॅपटॉपांतले सेल ती महिनाभर तपासत होती. भरलेला सेल लाकडी खाचेत ठेवायचा, दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या टेकवायच्या, गाडीचा छोटा दिवा त्यावर जाळायचा. सेल तीन व्होल्टवर उतरला की घरी जोडलेलं सर्किट आपोआप दिवा बंद करायचं. दोन तास टिकला तो सेल चांगला. असे साठ जमले, की गल्लीतला जनरेटर बंद असतानाचे दुपारचे तीन तास नवऱ्याचं, अनीसचं प्राणवायूचं यंत्र चालणार होतं. चव्वेचाळीस पटापट जमले. मग आठवडाभर एकही टिकेना.

आणि शुक्रवारी लेक रूला येणार होती, बाबांना बैरूतला न्यायला. तिच्याकडे वीज होती. रिकामी खाट मात्र एकच.

"विझला की लगेच हुशार होतो बघ तुझा सेल," खिडकीशी बसलेला अनीस मीटरवरचा चढता आकडा पाहत म्हणाला. "जिन्यात मी असाच. चढताना कुणी विचारलं, तर मेलो म्हणेन. वर येऊन बसलो की कॉफी मागतो."

"तुम्ही कॉफी जिन्यातही मागता."

पण हात थांबला तिचा. दिवा पुन्हा लावून तिने मीटरची टोकं थेट सेलला लावली. साडेतीन. मग पट्टीच्या पलीकडे, जिथून सर्किट सेलला किती उरलंय ते विचारत होतं तिथे. तीन. अर्धा व्होल्ट वाटेतच गहाळ.

पट्टी काढली, तर काळी पडलेली. खारा वारा. अनीसला दम लागतो म्हणून आठवड्यापूर्वी तिनेच ती खिडकी सताड उघडली होती.

"म्हणजे माझ्या वाऱ्याने यांचा जीव घेतला," अनीस खिडकी लोटायला उठला.

"बसा. खिडकी उघडीच राहील."

तिने लिंबू-मिठाने पट्ट्या घासल्या. सेलच्या टोकांपासून सर्किटपर्यंत दोन बारीक तारा वेगळ्या नेल्या. दिव्याचं ओझं एका वाटेने, सर्किटचं विचारणं दुसऱ्या. चाळीस मिनिटं गेली, तास गेला. दिवा जळत राहिला, आणि दोघं चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघत राहिली.

फुल्या मारलेले सगळे सेल पुन्हा भरून तपासले. गुरुवारी संध्याकाळी आकडा अठ्ठावन्नवर अडला. तेवढ्यात रूलाचा फोन आला.

"आई, बाबांची बॅग भरलीस?"

"नाही. तुझा तो बंद पडलेला लॅपटॉप आहे ना, तो घेऊन ये."

"आणि बाबा?"

वदादने वळून पाहिलं. अनीस कान देऊन ऐकत होता.

"त्यांना तुझ्या हातचं जेवू घालायचं असेल, तर डबा इथे आण," ती म्हणाली.