दिपूचा ‘द’

रोज सकाळी साडेसहाला विमलाबाई परातीत ज्वारीचं पीठ घेत, तळहातानं ते सारखं करीत आणि त्यावर बोटानं अक्षर गिरवीत. हडपसरच्या त्या फ्लॅटमध्ये तेवढा अर्धा तास त्यांचा स्वतःचा होता. नवरा रावसाहेब कारखान्यातून निवृत्त झालेले, ते सातशिवाय उठायचे नाहीत. मुलगा अभिनव आयटीत, त्याचा दिवस नऊला उजाडायचा. ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून फोन उभा असायचा. फोनमध्ये कागदावर जाड पेनानं काढलेलं अक्षर आणि सोबत लेकीचा आवाज.

"आई, आज नळातला ळ. आधी एक वेटोळं, मग त्याला चिकटून दुसरं. घाई करू नकोस."

विमलाबाईंचं वय बावन्न. नांदेडकडच्या त्यांच्या गावात शाळा नव्हती असं नाही. पण पाठची तीन भावंडं कडेवर होती, आणि मुलीला अक्षर कशाला, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारतसुद्धा नव्हतं, इतकं त्याचं उत्तर पक्कं होतं. पुण्यात येऊन तीस वर्षं झाली, तरी बसची पाटी त्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारत.

शिकवणारी लेक म्हणजे दीपमाला, घरची दिपू. घरची म्हणायचं, पण त्या घरात तिचं नाव घ्यायला बंदी. दोन वर्षांपूर्वी तिनं संतोषशी लग्न केलं. संतोष तिच्या कॉलेजातला, वाघोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, निर्व्यसनी, हसरा. खोट एकच, जात. ती कोणती हे मी सांगणार नाही. सांगितली की वाचणारे मनातल्या मनात दोन्ही घरांना पायऱ्यांवर उभं करून मोकळे होतील, आणि मला नेमकं तेच नको आहे.

रावसाहेबांनी भावकीला बोलावून लेक मेल्याचं जाहीर केलं. नुसतं बोलून थांबले नाहीत, तेराव्याचं गोडाचं जेवण घातलं. जिवंत मुलीच्या तेराव्याला चाळीस माणसं जेवली. पदवीधर होती हो त्यातली निम्मीअधिक, आणि पानात कुणी काही टाकलं नाही. वाढायला विमलाबाईच होत्या.

तर अशी ती मेलेली लेक रोज सकाळी आईला शिकवत होती. तिला सातवा लागला होता. ग म भ न च्या वाटेला ती गेली नाही. आईला रोज लागणारे शब्द तिनं घेतले: आई, घर, नळ, मका, कमळ. दीड महिन्यात आठ अक्षरं आणि एक काना. विमलाबाई परातीतल्या अक्षराचा फोटो काढून तिला धाडत, मग सगळं पुसून टाकत, परातीतलंही आणि फोनमधलंही. पुसायचं कसं हेही दिपूनंच शिकवलं होतं.

"तुज्या नावाचं कवा शिकिवणार?" त्यांनी एकदा बोलून पाठवलं.

"‘द’ शेवटी. माझ्या डोहाळजेवणाला तू येशील ना, तेव्हा समोर बसवून शिकवीन."

कशी येणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी बोलायला काय जातं.

पुसलं की गेलं, असं त्या माउलीला वाटत होतं. फोन दिवाळीला अभिनवनं घेऊन दिला होता. त्यानंच तो सुरू करून दिला आणि त्याच दिवशी आपल्या लॅपटॉपला जोडून ठेवला. दिपूचा प्रत्येक निरोप ओट्यावर आला की आतल्या खोलीतल्या पडद्यावरही उमटत होता. बहीण आईला अक्षरं शिकवतेय हे भावानं दीड महिना पाहिलं आणि एका शब्दानं दाखवलं नाही. मग एका दिवशी अक्षराच्या कागदामागं खिडकी आली, आणि खिडकीत समोरच्या इमारतीवरचं नाव आलं. त्याला तेवढंच हवं होतं.

सोमवारी संध्याकाळी अभिनव स्वयंपाकघरात आला.

"आई, फोन दे. अपडेट करायचाय, सारखा हँग होतोय."

"कवा देशील?"

"देतो एक-दोन दिवसांत. काही अर्जंट आहे का?"

"मला मेलीला कसलं अर्जंट," म्हणत विमलाबाईंनी फोन पदराला पुसून त्याच्या हातात दिला.

मंगळवारी दुपारी दोनला वाघोलीत दिपूच्या दाराची बेल वाजली. ती काठाची साडी नेसून तयार होती. तिनं पाट मांडला होता, शेजारी हळदकुंकवाचा करंडा ठेवला होता. दार तिनंच आतून उघडलं. हेल्मेट घातलेले दोघं जिन्यातल्या कॅमेऱ्यात वर जाताना दिसले आणि सात मिनिटांनी खाली येताना दिसले. मधल्या सात मिनिटांचं मी लिहीत नाही.

सहाला संतोष कामावरून आला आणि त्यानंच पोलिसांना फोन केला. पोलिसांनी चौकशीला त्यालाच नेलं. दार फोडलेलं नव्हतं, म्हणजे हेल्मेटमधला एक तरी ओळखीचा, आणि नवऱ्याइतकं ओळखीचं दुसरं कोण असतं?

हडपसरच्या घरात सुतक पाळलं नाही, ते दोन वर्षांपूर्वीच पाळून झालं होतं. विमलाबाई मोरीत नळ सोडून रडल्या. बाहेर आल्या तेव्हा हॉलमध्ये भावकीतले चौघं बसले होते आणि त्यांना चहा हवा होता.

चहा उकळत असताना रावसाहेब आत आले. "पोलीस येतील. तुज्या फोनवरनं तिला एक मेसेज गेलाय. इचारलं तर म्हण, म्या केला."

"कसला मेसेज?"

"आसंल कायबी. फोन तुजा, नंबर तुजा. म्या केला, येवढंच म्हणायचं."

अभिनव दारात उभा होता. "सिंपल आहे आई. आईनं मुलीला मेसेज केला, त्यात क्राइम काय आहे? पुढचं वकील हँडल करतील. नाहीतर मी आत जाईन, आणि मग बस तू एकटी."

हे बोलताना त्यानं एकदाही आईकडं पाहिलं नाही. तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला लिहिता येत नाही, हे रावसाहेबांच्या ध्यानातही नव्हतं. अभिनवनं तर धडे पाहिले होते. त्याला वाटलं, येत असेल आता.

गुरुवारी सकाळी पूर्णिमा आल्या, सायबर विभागातल्या उपनिरीक्षक, पस्तिशीच्या. रावसाहेबांनी पाणी विचारलं.

"पाणी नको. मी बाईंशी एकट्यांशी बोलणार आहे, स्वयंपाकघरात. आपण इथंच बसा, आपल्याकडं नंतर येणारच आहे."

त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भावकी जेवायला थांबणार होती, म्हणून विमलाबाई भाकरीला बसल्या होत्या. परातीत पीठ होतं, गॅसवर तवा.

"मावशी, सोमवारी रात्री तुमच्या फोनवरून दीपमालाला निरोप गेला. तुम्ही पाठवलात?"

शिकवलेलं वाक्य विमलाबाईंच्या ओठावर आलं. "म्या..." आणि त्या अडल्या. "काय व्हतं त्यात?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"वाचून दावा."

पूर्णिमांनी कागद काढला. "‘दिपू, उद्या दुपारी दोनला येते ओटी भरायला. एकटीच येते. दार उघड.’"

तवा तापून धूर यायला लागला होता. पूर्णिमांनीच उठून गॅस बंद केला.

"आन् ती काय म्हणली?"

पूर्णिमांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी खूप काही मोठ्यानं वाचलं होतं. "‘आई, तू लिहायला लागलीस? उरलेली अक्षरं कुणी शिकवली गं?’"

विमलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हॉलमध्ये आवाज जाऊ न देता रडायची त्यांना सवय होती. पोरीला आनंद झाला होता. मरायच्या आदल्या रात्री ती आई शिकली म्हणून हरखून झोपली, आणि सकाळी उठून तिनं आईसाठी पाट मांडला. ह्याच्यापेक्षा ती भांडून, रागावून मेली असती तर बरं झालं असतं, असं त्या आईला वाटलं.

पूर्णिमा खाली जमिनीवर त्यांच्यासमोर बसल्या. "तुमचे परातीतले सगळे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत. एकही पुसला नाही तिनं. सोमवारी सकाळी ‘कमळ’ लिहायला तुम्हाला तीन खेपा लागल्यात, आणि रात्री एवढं सगळं लिहिलंत. ते कसं, इतकंच मला विचारायचंय." त्यांनी परातीतलं पीठ हातानं सारखं केलं. "‘दार’ लिहा."

विमलाबाईंचं बोट पिठाशी गेलं. आधी त्यांनी चार बोटं जागा मोकळी सोडली. मग काना ओढला, मग र काढला.

"पयलं येत न्हाई मला. त्ये तिच्या नावातलं हाय. ती शेवटाला शिकिवणार व्हती."

त्या मोकळ्या जागेचा पूर्णिमांनी फोटो काढला. "सोमवारी फोन कुणाकडं होता?"

हॉलमधून अभिनवचा आवाज येत होता. कुणाला तरी तो मीटिंग उद्यावर ढकलायला सांगत होता. लहानपणी ताप आला की "आई, इथंच बस" म्हणणारा हाच आवाज. एक लेकरू गेलं होतं, दुसरं आता आपल्या तोंडानं घालवायचं होतं. आणि गप्प बसलं तर तिसरं, परक्या बाईच्या पोटचं, बायको गमावून वर तिच्या खुनाखाली सडणार होतं.

"त्या पोराला सोडाल का? संतोषला?"

"खरं काय ते कळलं तर सोडावंच लागेल."

"आभिनवकडं व्हता," विमलाबाई म्हणाल्या. "सोमवारी सांजच्याला नेला, बुधवारी दिला. लिहून घ्या बाई. माज्या डोळ्यांदेखत लिहा, म्हंजी मला माघारी फिरता यायचं न्हाई."

अशा कथेत इथं नगारे वाजवून वाचकाला घरी धाडायची रीत आहे. मलाही ते आवडलं असतं.

संतोष सुटला. अभिनव आणि त्याचा एक चुलतभाऊ धरले गेले. विमलाबाईंनी न्यायाधीशांपुढं तेच पुन्हा सांगितलं आणि खाली अंगठा उठवला. घरी परतल्या तेव्हा त्यांचं गाठोडं जिन्यात ठेवलेलं होतं. लॅपटॉप कोरा करकरीत निघाला. मेसेज घरच्याच वायफायवरून गेलेला, म्हणजे आईनंही पाठवलेला असू शकतो, मुलानंही. हेल्मेटमधले चेहरे कॅमेऱ्याला दिसले नव्हते, आणि जिन्यात दोघांना बघितलेल्या शेजारणीला महिन्याभरात काही आठवेनासं झालं. चौदा महिन्यांनी दोघे जामिनावर बाहेर आले. भावकीनं हॉल घेतला, शाल-नारळ दिला आणि फोटो ग्रुपवर टाकला. दोनशे सत्तर जणांनी खाली हात जोडले. त्यात आपल्यापैकी कुणाचा काका, कुणाचा साहेब आहे का, हे ज्यानं त्यानं आपला फोन उघडून बघावं.

विमलाबाई आता वाघोलीत संतोषकडंच राहतात. दुसरीकडं जाणार कुठं? तिथं स्वयंपाकघरात खिळ्याला मुळाक्षरांचा तक्ता अडकवलेला होता. दिपूनं आणला होता, बाळासाठी की आईसाठी, ते विचारायचं राहून गेलं. गल्लीतल्या बालवाडीच्या बाई दुपारी शिकवायला तयार झाल्या होत्या. लेकीनं सुरू केलेलं पुरं करायचं, एवढी एकच इच्छा विमलाबाईंजवळ उरली होती. पूर्णिमा भेटायला आल्या तेव्हा त्यांनी हे मोठ्या हौसेनं सांगितलं.

पूर्णिमांनी तक्त्याकडं पाहिलं. संतोष दाराशी उभा होता.

"मावशी, मला हे सांगायची लाज वाटते," त्या म्हणाल्या. "त्यांचा वकील म्हणतोय, बाईंना सगळं लिहिता येतं, न येण्याचं सोंग आहे. आपल्या हातात भक्कम असं एकच उरलंय, तुम्हाला न येणं. केव्हाही भर कोर्टात तो तुमच्या हातात पेन देईल. केस संपेपर्यंत तुम्ही शिकू नका."

"कवा संपंल?"

"पाच वर्षं लागतील. दहाही लागतील. मी खोटं सांगणार नाही."

बायकांना अक्षर नाकारणाऱ्या घरांविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. ह्या बाईला ते आता न्याय मागण्यासाठी स्वतःलाच नाकारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष डबा न्यायला स्वयंपाकघरात आला. विमलाबाई परातीपुढं बसल्या होत्या. पीठ सारखं केलेलं होतं आणि त्यावर काहीच काढलेलं नव्हतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ह्या तक्त्यात दिपूचं अक्षर कंचं?"

संतोषनं बोट उचललं. ते तक्त्याच्या मधल्या ओळीजवळ गेलं आणि तिथंच थांबलं. काल पूर्णिमा काय सांगून गेल्या ते त्यानंही ऐकलं होतं.

विमलाबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. खिळ्याचा तक्ता त्यांनी काढला, उलटा केला आणि भिंतीकडं तोंड करून परत अडकवला.

"नगं," त्या म्हणाल्या. "दिसलं की शिकून जाईन."