अर्ली

डॉक्टर हसले आणि आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रिपोर्ट एकच, तोही माझ्या तळपायाचा. मी दोघांच्या मधे बसलेली; कुणाचं तोंड खरं मानावं तेच कळेना.

टाचेजवळ एक काळा डाग होता. काटा मोडला की आमच्याकडे बिब्ब्याचा चटका देतात, त्याचाच असेल म्हणून मी सोडून दिला. पण तो वाढायला लागला. लेक सृष्टीने हट्ट धरला म्हणून झरीहून परभणीला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डागाचा तुकडा तपासायला पाठवला होता. रिपोर्ट बघून म्हणाले, मेलॅनोमा आहे, म्हणजे कातडीचा कॅन्सर, पण अर्ली आहे. संभाजीनगरला जाऊन ऑपरेशन करून घ्या. एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळलेसुद्धा.

येताना ह्यांनी रिक्षा थांबवून मला साडी घेतली. वर रंगही विचारला. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी घडलेलं नाही. कॅन्सर ऐकून घाबरले नव्हते एवढी मी त्या साडीने घाबरले.

घरी येताच ह्यांनी सृष्टीला सासरहून बोलावलं, नणंद मनकर्णाबाईंना बोलावलं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मला चहासुद्धा करू देईनात. पाय दुखत नव्हता, भूक व्यवस्थित लागत होती, आणि माणसं माझ्याकडे बघून डोळ्याला पदर लावत होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, ऑपरेशन कशाला, उगं जीवाचे हाल. ह्यांनी मान डोलावली. तिथं माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर करा म्हणलेत न्हवं? मग तुमी न्हाई का म्हणायलाव?"

हे खाली बघत म्हणाले, "अर्ली हाय म्हणले ते. अर्ली वाण सगळ्याच्या आधी काढणीला येतंय. आता कापून काय उपेग?"

आमच्याकडे अर्ली म्हणजे लवकर पिकणारं बियाणं. सोयाबीन असो की तूर, हे दर साली अर्लीच पेरतात. शब्द त्यांना पक्का ठाऊक होता, म्हणूनच घोळ झाला. मलाही ते पटायला लागलं. फक्त, मग डॉक्टर हसले कशाला? तेच विचारायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना घेऊन परत परभणी गाठली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, रोग लवकर वाढणारा असं म्हणालो नाही, तो लवकर सापडला. खोल गेलेला नाही. भोवतीच्या थोड्या चांगल्या कातडीसकट डाग काढतील, पाय शाबूत राहील. जांघेतली एक गाठ काढून तपासतील, तिथवर काही पोचलंय का ते बघायला. गाठ म्हटल्यावर ह्यांचा चेहरा पुन्हा उतरला. ती सगळ्यांनाच असते, तुम्हालाही आहे, असं डॉक्टर म्हणाले, तर हे खुर्चीतच स्वतःची जांघ चाचपायला लागले. आता ह्या माणसाला काय म्हणावं?

मी सरळ विचारलं, "मी वाचते का न्हाई?"

"बहुतेक बऱ्या व्हाल. नक्की आज सांगत नाही. गाठीचा रिपोर्ट येऊ द्या."

बहुतेक म्हणजे किती? माझा गोंधळ जिथल्या तिथं. डॉक्टर पुढे सांगत होते, की ऑपरेशननंतर दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं, सगळं अंग तपासायचं, आणि हे पाच वर्षं तरी चालू ठेवायचं.

"पाच वर्षं?" मी म्हणाले. "मी यायचं?"

"तुम्हीच. तुमच्याऐवजी दुसरं कोण येणार?"

कालपासून आमच्या घरात माझ्याबद्दल पुढच्या महिन्याचंसुद्धा कुणी बोललं नव्हतं. हा माणूस पाच वर्षांचं बोलत होता. तेव्हा मला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि काही केल्या थांबेना. हे घाबरून डॉक्टरांना विचारायला लागले, आता हिला काय झालं.