सव्विसावं नाव

सकाळी आठला ऑपेरागृहाच्या दारात, रांगेची वही सांभाळणाऱ्या ओरेस्तेकाकांनी माझं नाव लिहिलं. सव्विसावं. सगळ्यात वरच्या, छताखालच्या बाकांची तिकिटं फक्त तीस.

"नऊला, एकला आणि पाचला हजेरी, पाचच्या हजेरीलाच तिकीट," ते म्हणाले. "नाव पुकारलं की 'आहे' म्हणायचं. म्हटलं नाही तर नावावर काट. खालचा वर सरकतो."

माझी लेक लिविया माझ्या छातीशी बांधलेली होती, सात महिन्यांची. पाचला माझा नवरा डानिलो कारखान्यातून थेट येणार होता आणि तिला घरी नेणार होता.

एकतिसाव्या नंबरवर एर्सिलियाआजी होत्या, घडीचं स्टूल घेऊन. एका नंबराने हुकलेल्या.

"तू काय ऐकतेस एरवी?" त्यांनी विचारलं.

"सगळं. रॅप, मेटल, लग्नातलं अ‍ॅकॉर्डियन."

"मेटल म्हणजे भांडी आपटतात ते?"

"तुमच्या ऑपेरात मरायला टेकलेला माणूस पाऊण तास गातो, त्याचं काय?"

आजी खूप हसल्या.

रॅप, मेटलपासून ऑपेरापर्यंत मी लिवियाला पाजताना आले. एका हाताने तिला धरायचं, एका कानात गाणं. त्यात एकदा ऑपेरातला कोरस लागला, सगळे मिळून गातात तो, आणि मी दूध विसरले, सगळंच विसरले. पण आजी म्हणाल्या, "रेकॉर्डमध्ये खरी गोष्ट नसतेच. ऐंशी जणं गाण्याआधी एकदम श्वास घेतात ना, तो फक्त वर, बाकांवर ऐकू येतो. अंगावर येतो."

मग दिवसभर मला तेवढंच हवं होतं. गाणंही नको, तो एक श्वास.

नऊची हजेरी झाली, एकची झाली. कोणीही गळलं नाही. आजी दर वेळी वहीकडे बघायच्या आणि स्टुलावर बसायच्या.

साडेचारला डानिलोचा फोन आला. "मशीन बंद पडलंय, आठशिवाय सुटका नाही. नोएमी, रागावू नकोस गं."

"नाही रागावत," म्हटलं. फोन ठेवल्यावर रागावले.

लिवियाला आत नेता येत नाही. रांगेतल्या कोणीही तिला प्रेमाने धरलं असतं, पण धरणाऱ्यालाही आतच जायचं होतं. 'आहे' म्हटलं असतं तर तिकीट मिळालं असतं आणि बाक रिकामा राहिला असता.

पाच वाजले.

"नोएमी फेरारीनी."

मी लिवियाची टोपी नीट केली.

"नोएमी! अगं, समोर उभी आहेस की! बहिरी झालीस का?" काका म्हणाले.

मी मान खाली घातली. काका थांबले, नियमापेक्षा जरा जास्तच. मग पेन्सिल फिरली. पुढची चार नावं झाली.

"एर्सिलिया कावात्सी."

"आहे!" आजी इतक्या जोरात ओरडल्या की सगळी रांग हसली. मग माझ्याकडे पाहून त्यांचं हसू विरलं. "वेडी कुठली," त्या पुटपुटल्या. माझा गाल कुरवाळून, स्टूल माझ्याकडेच सोडून त्या जिना चढू लागल्या, प्रत्येक पायरीला कठडा धरत.

मी त्या स्टुलावर बसून दार बंद होईपर्यंत पाहत राहिले. लिविया झोपली होती. आठपर्यंत काही उठणार नव्हती.