लाल पाटीची गाडी

'सदर वाहन टकरीच्या वेळी विम्याविना होते. मालकिणीने दुसऱ्या दिवशी रडून विनवण्या केल्या आणि मागच्या तारखेची पॉलिसी लिहवून घेतली.'

मित्रांनो, विमा कंपनीच्या या पत्रातले 'सदर वाहन' म्हणजे मी, अठरा वर्षांची एक जुनी, राखाडी गाडी. आजवर माझ्यावर चिखल पुष्कळ उडाला, पण तो पाण्याने जात असे. हा चिखल शाईचा आहे. म्हणून वाक्य उकलून पाहू. टकरीची वेळ सर्वांना मान्य आहे: वीस डिसेंबर, दुपारचे तीन. 'दुसऱ्या दिवशी' काय घडले, हे कोणी पाहिले? केवळ विमा एजंट पोंपिलिउ हेर्त्सा यांनी. म्हणजे आरोप करणारा, त्याची साक्ष देणारा आणि पॉलिसी लिहिणारा, तिन्ही हात एकाच कोटाच्या बाहीतून बाहेर येतात. राहिले 'रडून'. माझ्या मालकिणीला, वेतुरियाला, मी अकरा वर्षे ओळखते. माझ्यात बसून ती एकदाच रडली, तेही इटलीत, काचा वर करून.

माझा जन्मही इटलीतला. पाव्हियाच्या एर्सिलियाबाई या निवृत्त लॅटिन शिक्षिकेने मला घेतले. त्या मला हळू चालवत आणि मागच्या आसनावर शब्दकोश रचत. मी कुरकुरले की म्हणत, 'शहाणी आहेस, ओझं ओळखतेस.' त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांची शुश्रूषा करायला वेतुरिया रोमानियातून आली, आणि माझे स्टिअरिंग तिच्या हाती गेले. बाईंनी जाताना मला तिच्या नावे केले.

गावाकडच्या डोंगरवस्त्यांवर फिरत्या परिचारिकेची जागा वेतुरियाला मिळाली होती. अट एकच: पंधरा जानेवारीपर्यंत स्वतःची, रीतसर नोंदलेली गाडी हवी. नसेल तर जागा दुसरीला, आणि वेतुरिया पुन्हा परमुलखात कुणाच्या तरी उशाशी. तिचा नवरा इलारिओन अकरा वर्षे फोनशी संसार करत होता.

निघताना इटलीतल्या कचेरीने माझ्या नंबराच्या पाट्या उतरवून घेतल्या. पाट्यांबरोबर विमाही संपला. ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली, बिननावाची मी तीन सरहद्दी ओलांडून आले. माणसाची ही अवस्था झाली तर त्याला निर्वासित म्हणतात. गाडीला काय म्हणावे, हे कायद्याला अजून सुचलेले नाही.

वीस डिसेंबरच्या सकाळी आयुद शहरात वेतुरियाने हेर्त्सांकडून माझी पॉलिसी घेतली, हाताने भरलेली. ती दाखवल्यावर नोंदणी कचेरीने मला महिन्यापुरत्या लाल पाट्या लावल्या. घरी परतताना गोठलेल्या उतारावर माझी चाके घसरली आणि मी शेजारच्या कासियानच्या फाटकात शिरले.

"अगं वेतुरिया, अकरा वर्षांनी आलीस, फाटक ठोठावायचंस तरी!" कासियान धावत आला. "घेऊनच आलीस की आत!"

"कासियानदादा, तुम्हाला लागलं नाही ना?"

"मी चुलीपाशी होतो. फाटकाला विचार."

विमा कंपनीकडे फाटकाची भरपाई मागितली, तेव्हा ते पत्र आले. विमा संशयास्पद ठरला म्हणून नोंदणीही अडली. मी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिले. जानेवारी लागला. सात तारीख, आठ, नऊ. थंडीने बॅटरी मरत होती आणि माझ्या डॅशबोर्डच्या खणात, जुन्या नकाशाखाली, लाल पाट्यांचा परवाना घडी घातलेला पडून होता. पाट्या लागल्याच्या आनंदात वेतुरियाने तो न वाचता ठेवला होता. तिची सारी उलघाल पॉलिसीपाशी. खण कोणी उघडेना. मला वाचा असती तर!

"पाव्हियाहून फोन होता," एका सकाळी माझ्याशेजारी लाकडे उचलताना ती म्हणाली. "एका म्हातारीला बाई हवीये."

"आणि इथल्या म्हाताऱ्याला?" इलारिओन म्हणाला.

"बावन्न वर्षांचा तर आहेस."

"फोनवर माणूस लवकर पिकतं."

तेरा तारखेला कंपनीच्या तपासनीस आस्पाझियाबाई माझे पोचे पाहायला आल्या. सोबत हेर्त्सा.

"बाई, मी दया केली हो," हेर्त्सा वेतुरियाला म्हणाले. "तुमची आसवं बघवेनात. आता मलाच अडकवता?"

"माझी आसवं? साहेब, त्या दिवशी तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत!"

"भांडण नंतर," आस्पाझियाबाई म्हणाल्या. "चेसिस क्रमांक ताडायचाय. पाट्यांचा परवाना आणा."

खण उघडला. नकाशा सरकला. मित्रांनो, माझ्या इंजिनात रक्त असते तर ते त्या क्षणी गोठले असते.

बाईंनी परवाना दोनदा वाचला. "शिक्का वीस तारखेचा, सकाळी अकरा चाळीस. आणि खाली पॉलिसीचा क्रमांक." त्या वळल्या. "हेर्त्सा, तुम्ही एकवीसला लिहिलेल्या पॉलिसीचा क्रमांक कचेरीला वीसला कसा कळला? भविष्य बघतात का तिथं?"

"बघत असतील तर माझं फाटक कधी उभं राहील तेही विचारा!" कासियान कुंपणापलीकडून ओरडला.

हेर्त्सांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"लिहा, स्वतःच्या हातानं," बाई म्हणाल्या. "तुमचा कागद आजच नोंदणी कचेरीत पोचवते. उद्या हिला कायमच्या पाट्या मिळाल्या पाहिजेत."

मित्रांनो, गाडीत तेल घाला, चाकांतली हवा पाहा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी इतकेच मागते: तिचे कागद हाती पडताच उभ्या जागी वाचा, आणि दुसऱ्याचे काम तुमच्या हाती असेल तर ते उद्यावर टाकू नका. माझ्या गारठलेल्या बॉनेटवर कागद ठेवून हेर्त्सांनी जे लिहिले, ते अक्षरशः असे:

'पॉलिसी मी वीस डिसेंबरला सकाळी दहा वाजता दिली. कंपनीकडे तिची नोंद त्याच दिवशी करायला हवी होती. तो संत इग्नाटचा दिवस, घरोघरी डुक्कर कापण्याचा. घरी नाताळाचं डुक्कर कापायचं होतं आणि कापणारा येऊन थांबला होता, म्हणून मी दुकान बंद करून गेलो. नोंद एकवीसला केली. मधे टक्कर झाली. माझं काम जाईल या भीतीनं मी कळवलं, की बाईंनी मागची तारीख मागितली. बाई रडल्या नव्हत्या. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्या बाईच्या बाजूनं इथं कोण बोलणार, असं मला वाटलं.'