पट्टी आणि पेर

सरकारी पशुअधिकारी वासुदेवरावांनी भर बाजारात चंद्री डुकरिणीच्या पाठीला बारीक छेद दिला, पोलादी पट्टी आत सरकवली आणि चष्मा वर करून वाचलं.

"दोन इंच चरबी. नापास."

आनंदाबाईनं आपल्या चंद्रीचा कान खाजवणं थांबवलं नाही. सरकारच्या जीपमध्ये विलायती पांढरा वळू डुक्कर उभा होता. हिंगणघाट तालुक्यासाठी तो एकच. ज्याच्या मादीची चरबी पावणेदोन इंचांच्या आत, त्याच्याच दारी तो जाणार होता.

तिनं चंद्रीच्या खांद्यामागं अंगठा रोवला, डोळे मिटले.

"दीड पेर. सायेब, पट्टी खोटं बोलून राह्यली."

"बाई, ही पद्धत परदेशातून आली आहे."

"मंग तिले इथली डुकरं समजली नसन."

लोक हसले. वासुदेवराव हसले नाहीत. ते शाकाहारी होते आणि आठवडाभर डुकरांच्या पाठीत पट्ट्या घालत होते.

"खरं-खोटं कापल्याशिवाय कळत नाही," ते म्हणाले.

"म्हंजे पास व्हायसाठी मरा लागते?" आनंदाबाईनं चंद्रीला पाठीशी घातलं. "मोतीलालभाऊ, तुमचा डुक्कर आज कापाचाच हाये ना? त्याच्यावर पाहू. मी चुकली तर वळू परत न्या. मी तोंड नाई उघडणार."

ती तोंड उघडणार नाही, हे ऐकून मोतीलाल खाटीक लगेच तयार झाला.

त्याच्या डुकरावर पट्टीनं अडीच इंच सांगितले. आनंदाबाईनं दोन पेरं सांगितली. वासुदेवरावांनी तिचं पेर पट्टीच्या मधल्या दोन आकड्यांमध्ये ठेवून पाहिलं. पेर बरोबर एक इंच भरलं. मग मोतीलाल डुक्कर घेऊन आडोशाला गेला. वासुदेवराव दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. आनंदाबाईच्या मुठीत पदराचा बोळा झाला होता.

मोतीलालनं पाठीचा तुकडा आणून फळीवर ठेवला. त्याच्या बाजूला तिनं दोन पेरं टेकवली. बरोबर दोन.

वासुदेवरावांनी पट्टी उन्हात धरली. पहिला आकडा टोकाच्या फार जवळ होता. त्यांनी शिपायाकडं पाहिलं.

"नत्थू, पट्टी तुटली होती?"

"तुटली नाई सायेब. देवळीले गुळाचा डबा उघडतानी अर्धा इंच गेलता. पण मी कानशीनं घासून साजरी केली."

"आणि नंतर आपण किती डुकरं नापास केली?"

"चंद्री सोडून एक्केचाळीस. सारी देवळीचीच."

 वासुदेवराव खाली बसले आणि मांडीवर कागद ठेवून 'चंद्री : दीड इंच, उत्तीर्ण' असं वळणदार अक्षरात लिहिलं. आनंदाबाईनं तो कागद उलटासुलटा पाहिला, पोलक्यात खोचला आणि थेट वळूच्या खांद्यामागं अंगठा रोवला. चेहरा गंभीर केला.

"चालते."

"बाई," वासुदेवराव हळूच म्हणाले, "उद्या देवळीला याल? एक्केचाळीस आहेत."

"येईन. पण आधी आमाले घरी सोडा. अन् मले जीपमधी मागं बसलं का मळमळते."

सरकारी जीप हिंगणघाटच्या बाजारातून निघाली. पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, आनंदाबाई ताठ बसली होती. मागं चंद्री होती, वळू होता, आणि दोघांच्या मध्ये, टोपी हातात घेऊन, वासुदेवराव.