दिवा विझला की पिशवी जागी

जुनी म्हणा, बुटकी म्हणा, चालेल; पण मला खेळणं म्हणायचं नाही, मित्रांनो. मी एक लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, लांब नाक, आणि माणूस आत बसला की रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर. मागेही दोन सीट आहेत असं माझ्या जाहिरातीत छापलं होतं. छापणाऱ्याने तिथे एकदा स्वतः बसून पाहायला हवं होतं. त्या सीटवर नुसतं दप्तर ठेवलं तरी ते अंग चोरून बसतं.

माझ्या वेगाच्या फुशारक्या मी पुष्कळ मारल्या आहेत. आज त्या नकोत. आज सांगते ती एका दुपारची गोष्ट. त्या दुपारी माझ्या पुढच्या सीटवर एक बाळ होतं, सगळे खुशीत होते, आणि एकट्या माझा जीव टांगणीला लागला होता. मला बोलता येत नव्हतं ना!

पण आधी जन्मापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळणार नाही. मी एका लांबलचक कारखान्यात तयार झाले. कुणी दारं लावली, कुणी रंग दिला. शेवटी बाह्या दुमडलेली एक बाई आली. तिने चालकाशेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या पोटात, घडी घातलेली एक पिशवी बसवली. तुम्ही तिला एअरबॅग म्हणता. गाडी जोरात आदळली, की ही पिशवी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगून बाहेर येते आणि मोठ्या माणसाचं डोकं वाचवते. झाकण लावून त्या बाईने वर हलकीशी थाप मारली आणि म्हणाली, "झोपायचं नाही हं!" मी तिचा शब्द पाळला.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे. किल्ली फिरवली की चालकासमोर एक छोटा लाल दिवा लागतो आणि क्षणभराने विझतो. विझतो म्हणजे मी सांगते, 'पिशवी जागी आहे, काळजी नको.' तो लागलेलाच राहिला, तर समजायचं की पिशवीचं काहीतरी बिनसलंय. इतकं सोपं आहे. पण सोप्या गोष्टीतच माणसं अशी काही गोची करून ठेवतात!

मला घरी आणलं ते अण्णांनी. अण्णा एका नाट्यगृहात दिवे सांभाळायचे. प्रेक्षकांच्या मागे एका खोलीत ते बसत. त्यांच्यापुढे बटणांच्या रांगा, आणि प्रत्येक बटणावर एक बारीक दिवा. दिवा पेटला की रंगमंचावरचा झोत चालू, विझला की बंद. उभा जन्म त्यांनी या एका नियमावर काढला, आणि त्यात ते कधी चुकले नाहीत. मला मात्र तोच नियम लावून मोकळे झाले.

त्यांची लेक तेव्हा लहान होती. मागच्या सीटवर पाय दुमडून बसायची. तिने एकदा विचारलं, "अण्णा, तो लाल दिवा कसला?"

"पिशवीचा," अण्णा म्हणाले. "हा बघ, विझला. पिशवी झोपली."

पोरीला ते इतकं आवडलं, की त्या घराची रीतच पडली. किल्ली फिरवायची, दिव्याकडे बघायचं, आणि तो विझला की दोघांनी एका सुरात ओरडायचं, "पिशवी झोपली!" त्याशिवाय गाडी हलायची नाही. मला हसू यायचं. मी म्हणायचे, म्हणा बापड्यांनो! शेजारी मोठं माणूस बसत होतं, तोवर त्यांच्या समजुतीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

काय लाड होते माझे! अण्णा मऊ फडक्याने मला पुसायचे, सिग्नलला लोक माना वळवायचे. मग अण्णांचे गुडघे कुरकुरू लागले. माझ्यात बसणं सोपं, उठणं म्हणजे कसरत. हळूहळू मी कापडाखाली गेले. टायर बसले, काचांवर धूळ साचली, आणि एका मांजरीने माझ्या नाकावर खुशाल पिल्लं घातली. मी! जिने कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती!

लेकीनेच मला पुन्हा उभं केलं. ती आता मोठी झाली होती. तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. लग्न झालं होतं, ठमी नावाची पाच वर्षांची भोचक मुलगी होती, आणि नुकतंच एक बाळ झालं होतं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. माणूस सज्जन, पण मी त्याच्या डोळ्यांत खुपायचे.

"अगं, या गाडीत दोन मुलं म्हणजे काडेपेटीत कलिंगडं," तो म्हणायचा. "मोठी गाडी घेऊ या. हिला गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी येतोय बघायला."

"ही अण्णांची गाडी आहे," लेक म्हणाली. "दोन्ही मुलांच्या सीट आज बसवून दाखवते. नाही बसल्या तर बोल."

दुपारी बाळाला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तोवर सीट बसल्या तर मी राहणार, नाहीतर जाणार. मी म्हटलं, बसू दे रे देवा!

ठमीची सीट सोपी गेली. ती चालकाच्या मागे बसली, कारण लेक बुटकी आहे आणि तिची सीट पुढे सरकवलेलीच असते. पण बाळाची सीट! तान्ह्या बाळाला गाडीत उलटं बसवतात, तोंड मागे आणि पाठ पुढे. तशी ती अवजड सीट घेऊन जावई माझ्या मागच्या बाजूला शिरले. डोकं आत, पाय बाहेर. सीट आडवी केली, तिरकी केली, देवाचं नाव घेतलं. शेवटी ती कशीबशी टेकली, तर पट्टा तिला वळसा घालून कुलपापर्यंत पोचेना. चार बोटं कमी पडला.

"ओढा की जोरात," अण्णा बाहेरून म्हणाले.

"ओढतोच आहे! अण्णा, मी अडकलोय. आधी मला ओढा!"

ठमी टाळ्या पिटत ओरडली, "बाबा अडकला, बाबा अडकला!" ती आणि लेक, दोघींनी मिळून त्यांना पाय धरून बाहेर काढलं. जागा व्हावी म्हणून त्यांनी पुढची सीट इतक्या हिसक्याने मागे-पुढे केली होती, की तिच्या खालून पिशवीकडे जाणारी एक वायर ताणली गेली. ती कुणाच्या लक्षात आली नाही. मला मात्र कळ आली.

जावई घाम पुसत म्हणाले, "संपलं. नाही बसत."

लेकीचे डोळे भरले. ते अण्णांना बघवेना. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो जावईबापू, बाळाला पुढे बसवा की! तोंड मागे, म्हणजे आईला सारखं दिसत राहील."

नको हो अण्णा, तिथे नको! मित्रांनो, उलट्या बसवलेल्या बाळाच्या सीटची पाठ डॅशबोर्डला खेटते. म्हणजे बाळाचं डोकं पिशवीच्या अगदी तोंडाशी. जी पिशवी मोठ्यांना वाचवते, तिचाच तडाखा तिथे बाळाच्या डोक्यामागे बसणार! गाडी हळू आदळली तरी पुरे.

जावयांना शंका आली. मी त्यांना तिथल्या तिथे सगळं माफ केलं. "पण अण्णा, तिथे एअरबॅग आहे ना?"

"आहे, पण बंद. किती वर्षांची! दाखवतो ना." अण्णांनी किल्ली फिरवली. दिवा लागला. क्षणभराने विझला. अण्णा, लेक आणि ठमी, तिघं एका सुरात ओरडली, "पिशवी झोपली!"

जावईही हसले. "मग काही प्रश्नच नाही."

प्रश्न नाही कसा? अरे, जागी आहे ती! टक्क जागी आहे! पण माझा हॉर्न कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही, आणि माझं मेलं इंजिन त्या दिवशीच गुणी पोरासारखं पहिल्या झटक्यात सुरू झालं.

बाळाची सीट बसली. पट्टा पुरला, कुलपाने 'खट्ट' केलं. लेकीने सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली, जराही हलली नाही. "वा! हिच्यासाठीच केल्यासारखी बसली," अण्णा म्हणाले आणि माझ्या टपावर थाप मारली. इतकं कौतुक कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते ऐकून मला रडू येत होतं. जावयांनी तर खिशातून फोन काढून गिऱ्हाइकाला सांगितलं, "येऊ नका, गाडी विकत नाही." मी राहणार होते. पण असं राहायचं नव्हतं हो मला!

लेक, बाळ आणि ठमी निघाली. अण्णा आणि जावई फाटकाशी हात हलवत राहिले. बाळ जांभई देऊन झोपलं. पुढे ट्रक थांबत होते, सायकलवाले आडवे येत होते. लेक गाणं गुणगुणत होती आणि मी पुढच्या प्रत्येक बंपरपर्यंतचं अंतर मोजत होते. बाई गं, जरा लांबून चालव! त्या टेम्पोच्या मागे नको!

ती त्या टेम्पोच्याच मागे होती. आणि टेम्पो अचानक थांबला.

लेकीने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. माझे ब्रेक जुने, पण त्या क्षणी मी त्यांच्यात होता नव्हता तेवढा जीव ओतला. टायर किंचाळले. टेम्पोचं मागचं फळकूट पुढे येत गेलं, येत गेलं, आणि माझ्या नाकापासून हातभर अंतरावर थांबलं.

मी आदळले नाही. पिशवी फुगली नाही. पण त्या हिसक्याने सीटखालची ती ताणलेली वायर निसटली, आणि लाल दिवा लागला. लागला तो लागलाच.

"आई," मागून ठमी म्हणाली, "पिशवी जागी झाली."

लेकीने दिव्याकडे पाहिलं. गाडी कडेला कशी घेतली तिचं तिलाच कळलं नसेल. इंजिन बंद, दार उघडं, पट्टा सोडला, आणि बाळाला छातीशी धरून ती फुटपाथवर उभी राहिली. दुसऱ्या हाताने ठमीचं मनगट गच्च धरलं होतं. "आई, दुखतंय," ठमी म्हणाली, तरी तिने सोडलं नाही.

गंमत बघा, मित्रांनो. इतकी वर्षं पिशवी जागी होती, तेव्हा सगळे निर्धास्त. आणि वायर निसटून ती खरोखर झोपली, तेव्हा यांची गाळण उडाली! पण मी म्हटलं, असू दे, गैरसमजाने का होईना, बाळ माझ्या पुढ्यातून उठलं. माझा जीव भांड्यात पडला.

फोन झाला, अण्णा आणि जावई टॅक्सीने धावत आले. अण्णा वाकून किल्ली फिरवत, दिव्याकडे बघत म्हणाले, "अशी कशी जागी झाली? काहीतरी करून परत झोपवायला हवी."

लेकीने बाळ नवऱ्याकडे दिलं. ती माझ्यात बसली आणि इंजिन सुरू केलं. सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. तो एकच तेवढा राहिला. ती एकेका दिव्यावर बोट ठेवू लागली.

"अण्णा, हा तेलाचा दिवा. विझला. म्हणजे तेल संपलं का?"

"छे! तेल आहे म्हणून विझला."

"आणि हा बॅटरीचा?"

"बॅटरी ठणठणीत आहे म्हणून..."

अण्णा आणखी खाली वाकले. "म्हणून विझतो," ते पुटपुटले. "म्हणजे पिशवीचा..."

"पिशवी ठणठणीत होती म्हणून विझत होता. निघतानासुद्धा. आत्ता टेम्पोमागे येईपर्यंत." लेक म्हणाली. "तलावावर मी दुसऱ्याचं पोर पाण्यात सोडताना खोली स्वतः बघते. आणि माझं बाळ कुठे बसवते, ते लहानपणीचं गाणं म्हणून ठरवलं!"

अण्णा फुटपाथच्या कडेला बसले. उभ्या जन्मात त्यांचा एक दिवा चुकला नव्हता. "जावईबापू," ते म्हणाले, "बोला मला काहीतरी."

जावयांनी बाळाच्या डोक्यावरून, बरोबर मागच्या बाजूवरून, हळूच हात फिरवला. मग म्हणाले, "मी पण हसलोच होतो, अण्णा."

ती सगळी टॅक्सीने डॉक्टरांकडे गेली. अण्णा माझ्याजवळ थांबले. जाताना लेकीने माझ्या टपावर हात ठेवला. "सॉरी गं," ती म्हणाली. मला कळलं. त्या घरात आता माझ्यासाठी जागा नव्हती. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण मनात म्हटलं, बरोबर केलंस पोरी.

अण्णांनी माझी वायर नीट करून घेतली आणि मला गिऱ्हाइकाकडे न पाठवता आपल्या ओळखीत दिलं. नाट्यगृहात नटांचे चेहरे रंगवणाऱ्या एक मावशी आहेत, एकट्या राहतात, आणि गाडी अशी पळवतात, की काय विचारता! मला देण्याआधी अण्णा रंग आणि बारीक ब्रश घेऊन आले. पुढच्या सीटसमोर ऊन अडवायची जी झडप असते, तिच्यावर त्यांनी जाड पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : 'इथे बाळ बसवायचं नाही. दिवा विझला की पिशवी जागी.' 'बाळ' हा शब्द त्यांनी पुसून पुन्हा, आणखी ठळक लिहिला.

आता अण्णा नाहीत. अक्षरं आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरातही मोठ्यांनी प्रेमाने सांगितलेलं काहीतरी असेल, तुम्ही रोज एका सुरात म्हणत असाल. म्हणा. पण लहान जिवाला कुठे बसवायचं असेल, तेव्हा एकदा थांबून नीट विचारा. मला विचारा, पुस्तकात बघा, जाणत्याला विचारा. आम्ही गाड्या खोटं बोलत नाही, पण आम्हाला ओरडताही येत नाही.

परवा लेक मावशींना भेटायला आली होती. बरोबर एक उंच मुलगा होता, तिच्यापेक्षा डोकंभर उंच. "बसू का हिच्यात?" म्हणत तो पुढच्या सीटवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून त्याने झडप खाली ओढली आणि मोठ्याने वाचलं.

"आई, 'इथे बाळ बसवायचं नाही.' हे कुणासाठी लिहिलंय?"

लेक स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिने किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "पट्टा लाव."