बॉब कटच्या आड

फोमचा इअरप्लग बोटांत पिळला की जेमतेम तीन मिलिमीटरचा होतो आणि कानात घातल्यावर साधारण तीस सेकंदांत फुगून घट्ट बसतो. हे तीस सेकंद चारुता पबच्या जिन्यात काढत असे. वर पोचेपर्यंत जग सोसण्याजोगं झालेलं असे.

वर महिन्यातून एका रविवारी दुपारी मॉड क्लब भरे. मॉड म्हणजे साठच्या दशकातली लंडनची टापटीप पोरं: अंगाबरोबर बसणारे सूट, इटालियन स्कूटर आणि अमेरिकन सोल संगीत. मेलबर्नच्या या क्लबात तेव्हाचं लंडन पाहिलेलं कुणीच नव्हतं. अध्यक्ष केव्हिन इथून तासाभरावरच्या जिलॉन्गचा आणि चारुताचा नवरा यतिन कोथरूडचा, जन्म ब्याऐंशीचा. तरी "ते दिवसच वेगळे होते, मेट," असं दोघं इतक्या कळवळून बोलत की दोघं एकाच गल्लीत वाढलेत असं वाटावं. जानेवारीच्या अडतीस डिग्रीतही यतिन लोकरी सूट घाली. कोथरूडला वडिलांची स्कूटर आडवी करून मगच किक मारावी लागे, तेव्हा त्याला मित्रांसमोर मेल्याहून मेल्यासारखं होई. इथे तशीच एक स्कूटर त्याने गॅरेजमध्ये कार्पेटवर ठेवली होती.

चूक तेरा वर्षांपूर्वीची. स्थळ सांगून आल्यावर पहिल्याच व्हिडिओ कॉलवर यतिनने विचारलं होतं, "मी पाठवलेली गाणी ऐकलीस?" बघायला आलेला मुलगा पोह्यांबद्दल जे म्हणतो, तेच चारुता म्हणाली, "छान आहेत."

"बरं झालं! मला ते ढोल-ताशे अजिबात सहन होत नाहीत. नुसता गोंगाट."

चारुता तेव्हा चार वर्षं पथकात ताशा वाजवत होती. काड्यांनी बोटाला पडलेला घट्टा तिने हळूच कॅमेऱ्याबाहेर नेला. लग्नानंतर सांगू, असं ठरवलं.

लग्नानंतर बॉब कट आला. त्याखाली इअरप्लग दिसत नसत. क्लबातल्या बायका म्हणत, "सो ऑथेंटिक!" कोपऱ्यात उभी राहून ती ग्लासवर बोटांनी ताशाचे बोल वाजवी आणि लोकांना वाटे, हिच्या अंगात सोल मुरलाय.

गेल्या महिन्यात मेलबर्नच्याच पॉइंट कुक उपनगरातून मंजिरीचा फोन आला. लग्नाआधी दोघी एकाच पथकात होत्या; आता ती तिथल्या पथकाची प्रमुख. "अगं, तीस जण ढोल बडवतात आणि ताशाला एकही धड माणूस नाही! दर रविवारी दुपारी सराव. येतेस?" चारुता "कळवते" म्हणाली. असं तीनदा झालं. आज सकाळी मंजिरीने बजावलं, "चारपर्यंत सांग बाई. नाहीतर मी दुसरी बघते."

पावणेचारला केव्हिनने रेकॉर्ड थांबवली. त्याचे ओठ हलताना दिसले, मग सगळे तिच्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. तिने एक इअरप्लग काढला.

"ऐकलंस ना?" यतिनचा चेहरा फुलला होता. "कमिटीत घेतलं तुला! आता क्लब दर रविवारी, आणि शेवटची रेकॉर्ड तू निवडायची. केव्हिन म्हणतो, इथे बाकीचे नुसते मिरवतात, खरं ऐकते ती चारुता."

"सो, लव्ह," केव्हिन रेकॉर्डच्या खोक्यात बोटं घालून म्हणाला, "काय लावू?"

चारुताने दुसराही इअरप्लग काढला आणि दोन्ही यतिनच्या तळहातावर ठेवले.

"हे काय?"

"इअरप्लग."

"डोकं दुखतंय का आज?"

"नाही. ही एकशे एकेचाळिसावी जोडी आहे."

यतिन हसला, मग हसायचा थांबला. "काहीतरीच काय! तुला आवडतं ना हे? तुझी बोटं ताल धरतात की."

"ती दुसराच ताल धरतात."

"दुसरा कुठला?"

तिने घड्याळात पाहिलं. चारला आठ मिनिटं होती. कानात बोळे घालून बोलायची सवय असल्याने तिचा आवाज जरा मोठाच लागला. रेकॉर्ड थांबलेलीच होती, त्यामुळे तो सगळ्या खोलीने ऐकला, मराठी न कळणाऱ्यांनीसुद्धा.

"ताशाचा. पुढच्या रविवारपासून मी पॉइंट कुकला ताशा वाजवायला जाणार आहे."